गूढलेखनपद्धतींच्या वेगाची परीक्षा

वात्स्यायनानें चौसष्ट कलांत गणिलेल्या म्लेच्छितविकल्पाचा परिचय आमच्या वाचकांस आहेच. मूलदेवी लिपींत अक्षरांच्या ठराविक जोड्यांची अदलाबदल होते. सराईत लेखक ती भराभर लिहितो, नवशिका अडखळतो. तेव्हां हा वेग लिपीचा कीं लेखकाचा? हाच प्रश्न अमेरिकेंत १९९७ ते २००० या काळांत उपस्थित झाला, त्याचा वृत्तांत येथें देतों.

नवी सरकारी गूढलेखनपद्धति ठरविण्यासाठीं तेथील राष्ट्रीय मानक-संस्थेनें जगभरांतून पद्धति मागविल्या. १९९८ सालीं १५ विचारार्थ घेतल्या. १९९९ सालीं मार्स, आरसी-६, राइनडाल, सर्पंट व टूफिश या ५ उरल्या. वर्णनाबरोबर संगणकावर चालणारी आज्ञावलीहि कर्त्यानेंच द्यावयाची होती. अशा आज्ञावल्यांवरून पद्धतींचा वेग ताडणें म्हणजे एक ग्रंथ सुवाच्य प्रतीवरून आणि दुसरा कसरीनें खाल्लेल्या प्रतीवरून जोखणें होय. ब्रायन ग्लॅडमन यांनीं सर्व १५ पद्धति सी भाषेंत स्वतः लिहिल्या, त्यामुळें निदान लिहिणारा हात तरी एक झाला.

यंत्राचा प्रश्न उरलाच. संस्थेनें मोजणीसाठीं २०० मेगाहर्ट्झचें पेंटियम प्रो यंत्र नेमिलें होतें. आरसी-६ मधील ३२ बिटी गुणाकार त्यावर झटपट होत. स्मार्ट कार्डांतील चिमुकल्या यंत्रांस तेच जड जात. सर्पंट ३२ फेऱ्यांची, म्हणून आज्ञावलीच्या रूपांत मंद. तिच्यासाठीं स्वतंत्र विद्युन्मंडल रचिलें असतां तीच अतिशय वेगवान. राइनडाल बहुतेक ठिकाणीं चांगली ठरली व २ ऑक्टोबर २००० रोजीं तिची निवड जाहीर झाली.

निवडीच्या अहवालांत मात्र एक गृहीत असें होतें कीं, कोष्टक पाहण्यास लागणाऱ्या वेळावरून गुपित फुटत नाहीं. आमच्या मतें सारी गोम येथेंच आहे. राइनडालच्या वेगवान आज्ञावल्या आधीं गणून ठेविलेलीं कोष्टकें पाहून चालत. कोष्टकाचा हवा तो भाग यंत्राच्या जवळच्या स्मृतींत असला तर वेळ कमी, नसला तर अधिक. आणि कोणता भाग हवा तें किल्लीवर अवलंबून! २००५ सालीं डॅनियल बर्नस्टाइन यांनीं केवळ वेळ मोजून दुसऱ्या संगणकावरील संपूर्ण किल्ली काढून दाखविली. दोष मूळ पद्धतीच्या गणितांत नव्हता, वेगासाठीं सजविलेल्या प्रतींत होता. मंद म्हणून मागें पडलेली सर्पंट कोष्टकांवांचून लिहितां येते, हेंहि येथें नमूद करणें न्याय्य होय.

२०१० सालापासून इंटेलनें राइनडालची फेरी आपल्या यंत्रांच्या आज्ञासंचांतच घातली. अशा यंत्रांवर कोष्टकांची गरज उरली नाहीं. जुन्या स्पर्धेचे वेगाचे तक्ते ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं प्रत्येकावर यंत्राचें व आज्ञावली लिहिणाराचें नांव पुष्पिकेप्रमाणें नोंदवून ठेवावें.