घाट कुणी बांधला? बोरघाटाची रेल्वे आणि एक राहून गेलेलं उत्तर

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच श्रोत्यांनी कळवलं की, एकदा रेल्वेवर बोला. रेल्वेचे आम्ही तज्ज्ञ नाही. आमचा विषय तत्त्वज्ञान, तोही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पण आम्ही सोलापूरकर आहोत, आणि सोलापूरकराचं रेल्वेशी नातं असतंच. शिवाय एका विद्यार्थ्याचं उत्तर आमच्याकडून राहून गेलेलं आहे. ते आज या निमित्ताने द्यायचं आहे.

आधी एक गंमत सांगतो. आपण सोलापूरकर पिढ्यान्‌पिढ्या बोरघाटातून मुंबईला जातो, पण आपल्यापैकी किती जणांनी तो घाट नीट पाहिलाय? सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री निघते, पहाटे घाट उतरते, तेव्हा आपण वरच्या बर्थवर घोरत असतो. जाग येते ती कल्याणला. सह्याद्रीतला एवढा मोठा घाट आपण झोपेत ओलांडतो. आम्हीही तसाच ओलांडला, कितीतरी वर्षं.

आता इतिहास. मुंबई-ठाणे गाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. सोलापूरला रेल्वे आली जून १८६० मध्ये. आणि घाटातली रेल्वे सुरू झाली एप्रिल १८६३ मध्ये. या दोन तारखा शेजारी ठेवून बघा. जवळजवळ तीन वर्षं सोलापुरातून गाडी सुटत होती, पण ती मुंबईला जात नव्हती. ती खंडाळ्यापर्यंतच जायची. तिथे सगळ्यांनी उतरायचं. पुढे घाट पालखीतून, तट्टावरून, बैलगाडीतून नाहीतर पायी उतरायचा, आणि खाली खोपोलीला दुसऱ्या गाडीत बसायचं. कापसाचे गठ्ठेही तसेच उतरवायचे, बैलगाड्यांवर लादायचे, खाली पुन्हा चढवायचे. त्याच काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रूळ वरही तयार, रूळ खालीही तयार, आणि मध्ये हा डोंगर आडवा.

डोंगर म्हणजे कसला? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचले, त्याचा हा काळा पाषाण. पश्चिमेला कडा एकदम तुटलेला, पूर्वेला पठार हळूहळू उतरत आपल्या सोलापूरपर्यंत आलेलं. लोणावळ्याला पाऊस चार हजार मिलीमीटरच्या वर, आणि आपल्याकडे जेमतेम साडेपाचशे-सहाशे. ढग त्या कड्यावर रिकामे होतात, आपल्याकडे येतो तो उरलासुरला. म्हणजे आपला दुष्काळही त्या घाटाशी बांधलेला आहे. भूगोल असा एकमेकांत गुंतलेला असतो.

या कड्यावरून रूळ न्यायचे होते. जी.आय.पी. रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी आखणी केली. जानेवारी १८५६ मध्ये काम सुरू झालं. चढाची लांबी सुमारे पंचवीस किलोमीटर, एकूण चढ १,८३१ फूट, पंचवीस बोगदे, आठ मोठे दगडी पूल. सर्वांत तीव्र चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलात की एक फूट वर. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पायी चालणाऱ्याला तो चढ जाणवणारही नाही, पण लोखंडी रुळावरच्या लोखंडी चाकाला तो फार असतो. ऑस्ट्रियातली सेमरिंगची प्रसिद्ध डोंगरी रेल्वे १८५४ साली सुरू झाली, तिचा चढ चाळीसास एक. आपला घाट तिच्याहून तीव्र. एके ठिकाणी डोंगराने वळायलाच जागा दिली नाही. तिथे गाडी सरळ आत घालायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि उलट दिशेने पुढचा चढ चढायचा. हे उलटापालटीचं स्टेशन १९२९च्या सुमारापर्यंत वापरात होतं. आजही मुंबईहून वर येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. आपण तेवढ्या वेळात वडापाव खाऊन घेतो.

बरं, हा घाट बांधला कुणी?

पुस्तकात उत्तर असतं: बर्कले यांनी. ठेकेदार म्हणून पहिलं नाव येतं विल्यम फॅव्हिएल यांचं. त्यांच्या काळात, जानेवारी १८५९ मध्ये, थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला, युरोपियन मुकादमांवर हल्ले झाले. त्याच वर्षी फॅव्हिएल यांनी ठेका सोडला. मग सॉलोमन ट्रेडवेल आले, आणि आल्यावर महिनाभरातच वारले. नवल पुढे आहे. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी ठेका स्वतःच्या नावावर चालू ठेवला, जाणकार अभियंते नेमले आणि काम तडीस नेलं. १८५९ साली! बाईमाणसाच्या कर्तृत्वाची ही गोष्ट आपल्या मुलींना सांगायला हवी. बर्कले स्वतः १८६२ मध्ये इंग्लंडात वारले. एप्रिल १८६३ मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी उद्घाटन केलं, ते बघायला ते नव्हते.

आणि मजूर? जानेवारी १८६१ मध्ये घाटात बेचाळीस हजारांवर माणसं कामावर होती. कडा इतका उभा की काही ठिकाणी माणसाला वरून दोराने खाली सोडायचं, त्याने लोंबकळत पहारीने दगडाला भोक पाडायचं, दारू ठासायची आणि वर ओढून घ्यायचं. पावसाळ्यात काम बंद, उन्हाळ्यात पाण्याची वानवा. त्यात पटकी आली. सव्वासात वर्षांत किती गेले? इतिहासकारांचा अंदाज पंचवीस हजारांच्या आसपास जातो. अंदाजच, कारण नावं कुणी लिहिलीच नाहीत. मजुरांच्या अशा तंट्यांतून १८६० साली एक कायदा आला. थकलेल्या मजुरीचा निवाडा मॅजिस्ट्रेटने झटपट करावा, ही त्यातली चांगली बाजू. पण त्याच कायद्याने काम अर्धवट सोडून जाणारा मजूर गुन्हेगार ठरला. गाऱ्हाणं ऐकलं, आणि त्याच हाताने बेडीही दाखवली.

आता त्या विद्यार्थ्याकडे येतो. आम्ही भारतीय तर्कशास्त्र शिकवत होतो, कारण म्हणजे काय, हा धडा. न्यायशास्त्राचं ठरलेलं उदाहरण घट, म्हणजे मडकं. माती कारण, कुंभार कारण, चाक फिरवायची काठी कारण. पण माती वाहून आणणारं गाढव? ते कारण नाही. त्याला शास्त्राने शब्द दिलाय ‘अन्यथासिद्ध’. म्हणजे त्याच्यावाचून काम अडत नाही. गाढव नसेल तर माती गाडीने येईल, डोक्यावरून येईल. आम्ही हे रंगवून सांगितलं, वर्ग हसला. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. म्हणाला, “सर, आमचे वडील खडी फोडतात. रस्ता झाला की पाटीवर इंजिनिअरचं आणि पुढाऱ्याचं नाव लागतं. मग आमचे वडील कुंभार, का गाढव?”

वर्ग गप्प झाला. आम्ही पुस्तकी उत्तर दिलं, की उदाहरण लाक्षणिक आहे, शब्दशः घेऊ नये. घंटा झाली. तो मुलगा पुढच्या तासाला आला, पण पुन्हा कधी त्याने काही विचारलं नाही. ते आम्हाला लागलं, आणि लागूनच राहिलं.

मंडळी, बोरघाट वाचताना आम्हाला ते उत्तर सापडलं. शास्त्राचीच कसोटी लावू. एक मजूर पटकीने गेला, त्याच्या जागी दुसरा आला, काम चालू राहिलं. म्हणून इतिहासाने त्याला अन्यथासिद्ध ठरवलं आणि नाव वगळलं. ठीक. आता हीच कसोटी वरच्यांना लावा. फॅव्हिएल गेले, काम चालू राहिलं. सॉलोमन ट्रेडवेल वारले, काम चालू राहिलं. बर्कले वारले, तरी घाट पुरा झाला. मग या कसोटीने तेही अन्यथासिद्धच! त्यांची नावं मात्र राहिली. म्हणजे नावं ठेवताना आपण कारणाची कसोटी लावतच नाही. कुणाचा पगार मोठा, कुणाची सही कागदावर, हे बघतो आणि त्याला कारण म्हणतो.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. गाढवाऐवजी गाडी चालते, म्हणून गाढव वगळलं. पण १८५६ साली त्या कड्यावर माणसाच्या हाताऐवजी दुसरं काय चाललं असतं? भोक पाडणारं यंत्र तिथे नव्हतं. एकेक मजूर बदलता येत होता, मजुरांचा हात बदलता येत नव्हता. एकेकटा पाहिला तर कुणीही अनावश्यक, सगळे मिळून पाहिले तर त्यांच्यावाचून एक तसूभर रूळ पुढे सरकला नसता. ‘बदलता येतो’ हे बाजाराचं वर्णन आहे. ‘कारण नाही’ हा तर्काचा निर्णय आहे. या दोन गोष्टींची गल्लत इतिहासाने केली, ठेकेदारांनी केली, आणि त्या दिवशी वर्गात आम्हीही केली.

या घाटावर सोलापूर उभं राहिलं. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी सुरू झाली. तिची अवजड यंत्रं बंदरातून याच चढाने वर आली असणार. आमच्या घरात चूल पेटायची ती गिरणीच्या पगारावर. म्हणजे आमच्या शिक्षणाच्या कारणांत त्या बेचाळीस हजारांचाही वाटा आहे. हे भावनेपोटी नाही, हिशेबाने सांगतोय.

दार्जिलिंग, निलगिरी, काल्का-शिमला या डोंगरी रेल्वे जागतिक वारसा झाल्या, चांगलं झालं. त्या आनंदाने बघायला लोक मुद्दाम जातात. बोरघाटाकडे कुणी तसं बघत नाही, कारण तो रोज राबतोय. राबणाऱ्याकडे आपलं लक्ष जात नाही, मग तो माणूस असो वा घाट.

फेब्रुवारी २०२३ पासून सोलापूर-मुंबई वंदे भारत सुरू झाली आहे. ती सकाळी निघते, म्हणजे घाट आता उजेडात लागतो. पुढच्या वेळी लोणावळा गेलं की मोबाईल खिशात ठेवा आणि खिडकीतून बघा. बोगद्याच्या तोंडाशी काळ्या दगडावर कुठे पहारीच्या खुणा दिसतात का, ते शोधा. मुलं बरोबर असतील तर त्यांना विचारा, हे कुणी केलं असेल?

आणि तो विद्यार्थी, आता पन्नाशी ओलांडलेला असेल, त्याच्यापर्यंत हे व्याख्यान पोचलं, तर त्याला एवढंच सांगायचंय: बाळ, तुझे वडील कुंभार होते. उत्तर द्यायला आम्हाला उशीर झाला.