हरीण कोणाचे, रान कोणाचे?

श्रोतेहो, रात्रीतून हरणांचा कळप ज्वारीत शिरला आणि सकाळी तुम्ही बांधावर येऊन पाहिले, तर तोंडून काय निघते? बहुधा एवढेच, की 'सरकारी जनावर, काय करायचे!' या बोलण्यात कायद्याचा बराच अर्थ भरला आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशात चितळ, काळवीट यांच्या शिकारीला मनाई आहे. शेत तुमचे, पण त्यात चरणारे हरीण तुमचे नव्हे. ते मेलेले सापडले तरी सरकारचेच. नुकसानीचा अर्ज द्यावा, पंचनामा करून घ्यावा, इतकेच आपल्या हाती.

अमेरिकेत गोष्ट निराळी आहे. तेथे दर हंगामात लक्षावधी माणसे परवाना काढून हरणाच्या शिकारीला निघतात, आणि त्यांतली पुष्कळ दुसऱ्याच्या खाजगी रानात जातात. ते रान त्यांनी कधी कधी पूर्वी पाहिलेलेही नसते. असा माणूस बंदूक साफ करण्याआधी दोन प्रश्न सोडवतो: हरीण कोणाचे आणि रान कोणाचे? हे प्रश्न फार जुने आहेत, आणि त्यांपायी माणसे फासावर गेलेली आहेत.

तेव्हा आधी इंग्लंडात जाऊ. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने तो देश जिंकला आणि थोड्याच वर्षांत दक्षिणेकडचा मोठा मुलूख स्वतःच्या शिकारीसाठी राखून ठेवला. त्याला आजही 'न्यू फॉरेस्ट' म्हणतात. 'फॉरेस्ट' म्हणजे दाट झाडी, असा अर्थ तेव्हा नव्हता. राजाच्या हरणांचा कायदा जेथे चालतो तो प्रदेश म्हणजे फॉरेस्ट. त्यात गावे होती, नांगरटीची शेते होती. हरणाने पीक खाल्ले तर कुणब्याने बघत बसायचे, आणि हरणाला हात लावला तर शिक्षा भोगायची. 1217 साली निघालेल्या वनांच्या सनदेत राजसत्तेला कबूल करावे लागले, की यापुढे हरणापायी कोणाचा जीव किंवा हातपाय जाणार नाहीत. गुन्हेगाराने दंड भरावा, ऐपत नसेल तर एक वर्ष आणि एक दिवस कैदेत राहावे. म्हणजे त्याआधी काय चालत होते, ते तुम्हीच ताडा.

राजांचा जोर पुढे ओसरला, पण जमीनदारांचा वाढला. 1671 च्या कायद्याने ससा-तित्तिर मारण्याचा हक्क मुख्यतः वर्षाला 100 पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन असलेल्यांपुरता ठेवला. लहान शेतकऱ्याला आपल्याच वावरातला ससा मारण्याची चोरी! 1723 साली तर कळस झाला. तोंडाला काजळी फासून श्रीमंतांच्या राखीव रानातली हरणे मारणाऱ्या टोळ्यांविरुद्ध एक कायदा आला, आणि त्याखाली अनेक गुन्ह्यांना फाशी ठरली. त्या काजळीवरून त्याला 'काळा कायदा' असेच नाव पडले. त्याचा बहुतेक भाग रद्द व्हायला 1823 साल उजाडावे लागले.

या आठवणी घेऊन जी माणसे अमेरिकेत गेली, त्यांनी तेथे उलट टोक गाठले. 1776 साली पेनसिल्व्हेनियाने व 1777 साली व्हरमाँटने आपल्या राज्यघटनेतच लिहिले, की रहिवाशांना स्वतःच्या जमिनीवर आणि कुंपण नसलेल्या इतर जमिनीवरही योग्य हंगामात शिकार करण्याची मोकळीक आहे. शिकारीचा हक्क राज्यघटनेत कशाला, असे आपल्याला वाटेल; पण ज्यांच्या आजे-पणजांनी काळ्या कायद्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या, त्यांना तसे वाटले नाही. (व्हरमाँटच्या ज्या रानाबद्दल हे लिहिले जात होते, तेथे अबेनाकी लोक पिढ्यान्‌पिढ्या शिकार करीत आले होते. त्यांना कोणी विचारले नाही.)

1818 साली दक्षिण कॅरोलायनात हा वाद कोर्टात गेला. एका जमीनमालकाने मनाई केली असताना दुसरा माणूस त्याच्या रानात शिकारीला शिरला. रान पडीक, कुंपण नाही. कोर्टाने शिकाऱ्याच्या बाजूने निकाल दिला: अशा मोकळ्या रानात शिकार करण्याची वहिवाट जुनी आहे, मालकाच्या नुसत्या 'नाही'ने ती मोडत नाही. त्या काळी तिकडे गुरेही मोकाट चरत. कुंपण घालायचे ते पिकाला, गुरांना नव्हे.

मग हे बदलले कसे? याचे एक कारण फारसे सांगितले जात नाही. 1865 साली गुलामगिरी संपली. मुक्त झालेल्या काळ्या मजुरांना रानातली शिकार आणि नदीतली मासळी यांवर चार दिवस निभावता येई, आणि जो चार दिवस निभावू शकतो तो पडेल त्या मजुरीला राबत नाही. मळेवाल्यांना ते सलू लागले. मग दक्षिणेतल्या अनेक भागांत विनापरवाना रानात शिरण्याविरुद्ध कायदे झाले, शिकारीवर बंधने आली, मोकाट चराईही बंद होत गेली. कायद्याची भाषा जमिनीची होती; नेम होता तो मजुरावर.

दुसरे कारण खुद्द हरीण. बाजारासाठी इतकी कत्तल झाली, की 1900 च्या सुमारास पांढऱ्या शेपटीची हरणे साऱ्या देशात पाच लाखांच्या आतच उरली. मग हंगाम ठरले, परवाने आले, मांसाच्या विक्रीला आळा बसला. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत आणि तिकडचा शेतकरीही मक्याच्या नासाडीने वैतागतो.

म्हणून परक्या रानात जाणारा शहाणा शिकारी उन्हाळ्यातच मालकाच्या दारी जातो. भर हंगामात, पहाटे, बंदूक खांद्याला लावून नव्हे. चौकशी करतो ती हरणाची थोडी आणि माणसांची जास्त: हद्द कोठून कोठवर, गुरे कोणत्या कुरणात, फाटक उघडे ठेवायचे की बंद, आणखी कोणाला परवानगी दिली आहे, शेजाऱ्याचे घर कोणत्या अंगाला. गोळी कोठे जाऊन पडेल हे हद्द कळल्याशिवाय कळत नाही. मग तो रान पायाखाली घालतो. नराने शिंगे घासून सोललेली झाडे, खुरांनी उकरलेली जमीन, पाण्याकडे जाणारी वाट, ओकची फळे कोठे गळतात, वारा सकाळी कोणीकडून येतो, हे सारे टिपून घेतो. वाऱ्याच्या तोंडाला बसलेल्या माणसाला हरीण दिसत नाही. हरणाला मात्र त्याचा वास लागलेला असतो.

हद्दीच्या खुणा राज्याराज्यांत निराळ्या. टेक्सासात 1997 पासून झाडाच्या बुंध्यावर आठ इंच लांब, एक इंच रुंद असा जांभळा पट्टा दिसला की 'आत येऊ नये' असे समजायचे. पाटी नको की अक्षर नको. व्हरमाँटात अजून जुनी रीत टिकून आहे: मनाई करायची तर मालकानेच पाट्या लावायच्या, त्यांवर दरसाल तारीख घालायची आणि गावच्या दप्तरी नोंद करायची. पाटी नसेल तर रान मोकळे. तरीही विचारून जाणाऱ्याला तेथे मान आहे, आणि शिकार साधली तर मालकाच्या घरी मांसाचा वाटा पोचवण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे.

एवढ्या तयारीनंतरही एक पेच उरतो. 1805 साली न्यूयॉर्कच्या कोर्टापुढे एका कोल्ह्याचा खटला आला होता. एकाने तो कुत्रे सोडून पिटाळला, दुसऱ्याने मध्येच येऊन मारला. कोर्ट म्हणाले, नुसत्या पाठलागाने जनावर आपले होत नाही. ते पकडावे, मारावे, निदान निसटू नये इतके जायबंदी तरी करावे लागते. आता हरीण जायबंदी झाले आणि कुंपण ओलांडून शेजारच्या रानात जाऊन पडले, तर? कोल्ह्याच्या निकालाने ते शिकाऱ्याचे. पण ज्या मातीवर ते पडले ती तिसऱ्याचीच. अनेक राज्यांत त्याच्या परवानगीवाचून तेथे पाऊल टाकता येत नाही. म्हणून जाणता शिकारी उन्हाळ्यातल्या त्या फेरीत शेजाऱ्याच्या दारीही जाऊन येतो. जो गेला नसेल, त्याला मावळत्या उजेडात, रक्ताचा माग कुंपणापलीकडे दिसत असताना, अनोळखी घराचे दार ठोठवावे लागते.