इलेक्ट्रॉनचा हिसका आणि नारळीकरांचे विश्व

आकाशवाणीच्या सोलापूर केंद्राच्या मनोऱ्यात इलेक्ट्रॉन सेकंदाला लाखो वेळा हेलकावतात, म्हणून आपल्या घरात गाणे वाजते. त्वरण पावलेला भारित कण लहरी फेकतो आणि ऊर्जा गमावताना स्वतःही मागे ओढला जातो. ही ओढ त्वरणावर नव्हे, तर ते किती झपाट्याने बदलते यावर अवलंबून असते. लोरेन्ट्झ आणि अब्राहम यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिचे सूत्र मांडले. पण ओढतो कोण? कणाचे स्वतःचेच क्षेत्र म्हणावे, तर बिंदुरूप कणापाशी गणित अनंतात जाते.

१९४५ साली व्हीलर आणि फाइनमन यांचे चमत्कारिक उत्तर छापून आले: ओढतात ते विश्वातील इतर सारे कण! मॅक्सवेलची समीकरणे काळाची दिशा ओळखत नाहीत. म्हणून प्रत्येक कण निम्मी लहर भविष्याकडे आणि निम्मी भूतकाळाकडे धाडतो. दूरचे कण लहर शोषून जे प्रत्युत्तर देतात, ते मूळ कणापाशी त्याच क्षणी पोहोचते आणि भूतकाळाकडील लहर पुसून टाकते. अट एकच, भविष्यातील विश्वाने लहर पूर्णपणे शोषली पाहिजे.

मग विश्व प्रसरण पावत असेल तर? हॉगार्थ यांनी १९६२ मध्ये हा प्रश्न उपस्थित केला. कोल्हापुरात जन्मलेल्या आणि बनारसमध्ये वाढलेल्या जयंत नारळीकरांनी गुरू फ्रेड हॉइल यांच्यासह केंब्रिजमध्ये तो तडीस नेला. १९६४ च्या त्यांच्या निबंधानुसार स्थिर स्थिती विश्वात हिशेब जुळतो; महास्फोटाच्या नेहमीच्या प्रतिमानांत मात्र तो नेमका उलटा लागतो, लहरी भूतकाळाकडे धावू लागतात. म्हणजे मनोऱ्यातला इलेक्ट्रॉन साऱ्या विश्वाची साक्ष देणार होता.

(१९६३ साली कॉर्नेल विद्यापीठात ‘काळ’ या विषयावर परिषद झाली. तिच्या इतिवृत्तात फाइनमन यांनी स्वतःचे नाव छापू दिले नाही. तेथे ते ‘मिस्टर एक्स’ आहेत.)

त्याच वर्षी, म्हणजे १९६४ मध्ये, गाजलेला हॉइल-नारळीकर गुरुत्वाकर्षण सिद्धान्त याच साच्यातला. त्यात कणाचे जडत्वही इतर कणांकडून येते. त्याचे कौतुक वृत्तपत्रांनी केले. माझ्या मते अधिक धाडसी होता तो विद्युतभाराचा निबंध.

पुढच्याच वर्षी पेन्झियास आणि विल्सन यांना सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडले आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. साक्षीदार खरा मानावा, तर विश्वच चुकीचे निघत होते! नारळीकरांनी साक्षीदार सोडला नाही. १९६९ आणि १९७१ मध्ये दोघांनी हाच विचार पुंजभौतिकीपर्यंत नेला, आणि १९९३ मध्ये बर्बिज यांच्यासह स्थिर स्थितीचे सुधारित रूप मांडले.