हिरोसाकी : किल्ल्याची बाग होताना

होन्शू बेटाच्या उत्तर टोकाला, आओमोरी प्रांतात असलेला हिरोसाकीचा किल्ला आज चेरीच्या बहरासाठी ओळखला जातो; मात्र ज्या सामुराई कुळांनी तो पिढ्यान्‌पिढ्या राखला, त्यांच्यातील अनेकांना ही झाडे तेथे नको होती. त्सुगारू घराण्याचा पहिला दाइम्यो, म्हणजे शोगुनच्या अधीन राहून प्रांताचा कारभार पाहणारा सरंजामदार, तामेनोबू याने या किल्ल्याची योजना आखली आणि त्याचा मुलगा नोबूहिरा याने १६११ मध्ये तो पुरा केला. तीन पदरी खंदकांच्या आत, बालेकिल्ल्यात, पाच मजली तेन्शू, म्हणजे मुख्य मनोरा, उभा होता. १६२७ मध्ये त्यावर वीज पडली, आग दारूगोळ्यापर्यंत पोहोचली आणि मनोरा नष्ट झाला. किल्ल्यांच्या बांधकामावर शोगुनशाहीचे कडक निर्बंध असल्याने पुढे जवळजवळ दोन शतके बालेकिल्ला तेन्शूविना राहिला. १८१० मध्ये उभारलेला आजचा तीन मजली मनोरा कागदोपत्री केवळ कोपऱ्यातील बुरुजाची पुनर्बांधणी होता. बाहेरून दिसणाऱ्या पूर्व व दक्षिण बाजूंना शोभेची त्रिकोणी छपरे आणि बाण सोडण्याच्या अरुंद फटी, तर आतल्या बाजूंना साध्या खिडक्या, अशी त्याची रचना आहे. दरारा कोणावर बसवायचा होता, हे त्यावरून उघड होते.

१८७१ मध्ये सरंजामी प्रांत रद्द झाले, किल्ल्याचे लष्करी प्रयोजन संपले आणि आवार ओस पडू लागले. तेव्हा किकुची तातेए या माजी सामुराईने १८८२ मध्ये तेथे सोमेई योशिनो जातीच्या चेरीची एक हजार रोपे लावली. किल्ल्यासारख्या जागी फुले पाहत मद्यपान करणे हा अपमान मानणाऱ्या इतर माजी सामुराईंनी त्यातील बरीच रोपे उपटली किंवा मोडली. हा राग केवळ झाडांवरचा नसावा. पगार, पद आणि तलवार गमावलेल्या वर्गाला स्वतःची म्हणता येईल अशी दुसरी जागाही फारशी उरली नव्हती. तरीही १८९५ मध्ये किल्ला सार्वजनिक उद्यान म्हणून खुला झाला आणि १९१८ पासून तेथे बहराचा उत्सव भरू लागला.

किकुची हा आओमोरीतील सफरचंद लागवडीच्या आद्य प्रवर्तकांपैकीही एक होता, आणि या प्रांताच्या सफरचंदांनीच पुढे चेरीला तारले. चेरीला कोयता लावू नये, कारण कापलेली जागा सहज कुजते, असा जपानभर समज आहे. हिरोसाकीत मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सफरचंदाच्या बागांतील छाटणीची पद्धत चेरीवर वापरण्यात आली : जुनी फांदी काढायची, छेदावर लेप द्यायचा, खत घालायचे आणि नव्या फुटव्याला वाव द्यायचा. सोमेई योशिनो ही कलमाने वाढणारी आणि सहसा अल्पायुषी मानली जाणारी जात. तरी १८८२ च्या लागवडीतील एक झाड येथे अजून फुलते. एरवी एका कळीतून तीन-चार फुले येतात, तर येथे चार-पाच आणि क्वचित त्याहूनही अधिक.

मनोऱ्याखालचा दगडी तट बाहेर फुगल्याचे आढळल्यावर २०१५ मध्ये सुमारे चारशे टनांचा तेन्शू न मोडता उचलून रुळांवरून सुमारे ७० मीटर आत सरकवण्यात आला. तट उतरवून पुन्हा रचण्याच्या कामासाठी उद्यान मात्र बंद ठेवले गेले नाही.