अध्ययनार्थी शब्दकोश, इंग्रजी
इंग्रजी ही मातृभाषा नसणाऱ्यांसाठी सोप्या व्याख्या व उदाहरणवाक्ये यांच्या द्वारे अर्थ देणारे एकभाषी कोश. सामान्य कोशातील व्याख्या पुष्कळदा मूळ शब्दाहून अवघड असते. बंगालमध्ये शिक्षणकार्य केलेल्या मायकेल वेस्ट (१८८८–१९७३) याने जे. जी. एंडिकॉट याच्या सहकार्याने १९३५ मध्ये सिद्ध केलेल्या कोशात सर्व व्याख्या १,४९० शब्दांत बसविल्या. सोपेपणापायी अशा व्याख्या कधीकधी मोघम होतात.

अधिक मूलगामी कार्य ए. एस. हॉर्नबी (१८९८–१९७८) याचे. अर्थ कळूनही वाक्यरचना साधत नाही, ही अडचण ध्यानी घेऊन त्याने गेटन्बी व वेकफील्ड यांच्यासह जपानमध्ये रचलेल्या कोशात क्रियापदांचे रचनाबंध दर्शविले. ‘एक्सप्लेन’ म्हणजे समजावून सांगणे, एवढे मराठी विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. मात्र त्यापुढे ‘मी’ नव्हे, ‘टू मी’ येते, हे उदाहरणवाक्यच शिकविते. हा कोश ऐन महायुद्धात, १९४२ मध्ये टोकिओत निघाला. १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा प्रसिद्ध केला.

हॉर्नबीची उदाहरणे बहुधा रचलेली होती. जॉन सिंक्लेअरच्या संपादकत्वाखालील ‘कोबिल्ड’ (१९८७) कोशाने संगणकात संकलित केलेल्या प्रत्यक्ष लेखन-भाषणातून ती घेतली आणि व्याख्याही पूर्ण वाक्यांत दिल्या. तथापि संदर्भापासून तोडलेले अस्सल वाक्य नवशिक्यास दुर्बोध ठरू शकते, हा त्यावरील आक्षेप रास्त आहे.