भरतकामाचा भाव : टाक्यांचा की वेळेचा?

अमरावती/अकोला : विदर्भातील शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे येथील यंत्रभरतकाम करणाऱ्यांकडे गणवेशांवरील बोधचिन्हांची कामे उन्हाळा सरताना येतात. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईचे ब्लाऊज, ओढण्या, शेल्यांवरील नावे अशी सुटी कामे सुरू होतात. शंभर नगांच्या कामाचा दर या एकेका नगालाही लावला की यंत्र दिवसभर चालूनही हाती काही उरत नाही.

संगणकीकृत भरतकामाचा दर सहसा हजार टाक्यांमागे सांगितला जातो. मोठ्या कारखान्यांत हा हिशेब चोख बसतो. वीस हेडच्या यंत्रावर एकाच वेळी वीस नग तयार होतात आणि खर्च तितक्या नगांत वाटला जातो. सुरतेचा असा माल घाऊक बाजारात पाहिलेला ग्राहक तोच भाव घरातल्या एका हेडच्या यंत्राकडे मागतो. तुलना मुळातच विषम आहे.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. कर्जाचा हप्ता, भाडे, वीज, धागा, दुरुस्ती आणि स्वतःची मजुरी (ही हमखास विसरली जाते) मिळून महिन्याचा खर्च २७,००० रुपये आणि यंत्र प्रत्यक्ष चालते १५० तास, असे धरले तर तासाला १८० रुपये, म्हणजे मिनिटाला ३ रुपये पडतात. आठ हजार टाक्यांचे बोधचिन्ह मिनिटाला ६०० टाक्यांच्या वेगाने सव्वातेरा मिनिटे घेते. फ्रेम लावणे, रंग बदलणे, तुटलेला धागा ओवणे, मागचा कागद काढणे धरून वीस मिनिटे सहज जातात. खर्च झाला ६० रुपये. हजार टाक्यांना ४ रुपये दर लावल्यास मिळतात अवघे ३२.

शिवाय पंचिंग आहे. चित्राचे यंत्राला समजणाऱ्या टाक्यांत रूपांतर एकदाच करावे लागते. त्याला ५०० रुपये धरले तर शंभर नगांत प्रत्येकी ५ रुपये येतात. नग एकच असेल तर सगळे ५०० त्याच्याच माथी. मोठ्या कामात यंत्र चालू असताना पुढची फ्रेम लावून ठेवता येते, म्हणून नगामागचा वेळही घटतो. पंचिंगची रक्कम पावतीवर वेगळी दाखवावी. फाईल ग्राहकाला द्यायची की नाही, हेही आधीच ठरवावे. अन्यथा पुढच्या वर्षी शाळा तीच फाईल घेऊन दुसऱ्या दुकानात जाते आणि वाद होतो.

कापडाची जोखीम बहुतेक दरांत धरलेलीच नसते. टी-शर्टचे विणीचे कापड ताणले जाते, मखमलीवर फ्रेमचा वळ उठतो, तलम रेशमावर दाट टाके घातले तर कापड आकसते. ग्राहकाने आणलेली साडी सहा हजारांची आणि भरतकामाची मजुरी दोनशे, अशा कामात एक सुई मोडली तरी महिन्याची कमाई पणाला लागते. अशा कापडासाठी दर वाढवावा, त्याच जातीच्या तुकड्यावर नमुना काढून संमती घ्यावी आणि नुकसान झाल्यास भरपाई किती, ते पावतीवर लिहावे. नमुन्याचेही पैसे घ्यावेत. त्यात वेळ तेवढाच जातो.

दोन अक्षरांच्या नावाला टाके थोडे लागतात, मात्र फ्रेम लावण्याचा वेळ तोच. त्यासाठी टाके न मोजता किमान आकार ठेवणे योग्य. वरील हिशेबात पंचिंग सोडून तो ४० रुपयांच्या खाली परवडत नाही.