दावतीत काय ठेवायचं? शराब नाही, आणि साखरही कमी

शराब हराम, त्यावर चर्चाच नाही. पण तिच्या जागी आपण दावतीत जे ठेवतो, त्याकडे एकदा बघायला हवं. 300 मिली कोलात 30 ग्रॅमच्या वर, म्हणजे सात-आठ चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात साधारण 25 ग्रॅमच्या आत राहिलेलं बरं. घरात अब्बांना डायबेटिस असेल तर एकच ग्लास भारी पडतो.

'नॉन-अल्कोहोलिक' बिअरचं लेबल नीट वाचा. तीत 0.5 टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं. आम्ही तर ती घरात आणूच नये म्हणतो.

कोकणातल्या आपल्या घरांत उत्तर आधीपासूनच आहे: सोलकढी. आमसुलं तासभर कोमट पाण्यात भिजवा, चुरून गाळा. त्यात नारळाचं दूध, ठेचलेली लसूण-मिरची, मीठ, वरून कोथिंबीर. साखरेचा दाणाही लागत नाही, आणि बिर्याणीनंतर असं दुसरं काही नाही! नारळ नको असेल तर आमसुलाच्या पाण्यात भाजलेलं जिरं, काळं मीठ आणि थंड सोडा घाला. बाटलीतलं कोकम सरबत मात्र बहुतेक साखरेचा पाकच असतो.

नबीजही छान, पण जपून. खजूर रात्री पाण्यात भिजवायचे, सकाळी प्यायचं. हदीसमध्येही ते तीन दिवसांपलीकडे ठेवलेलं दिसत नाही. उन्हाळ्यात फ्रिजमध्येच ठेवा, आणि फेस किंवा आंबूस वास आला तर सरळ ओतून द्या. साखरेचं अल्कोहोल व्हायला लागलेलं असतं. एका साध्या खजुरात साधारण 5 ग्रॅम साखर असते, तेव्हा ग्लासाला दोनच पुरेत.